शाखा बदलून अमेरिकेत रेसिडेन्सीचा अर्ज करताना आधीची कमाई कशी मांडावी

जनरल सर्जरी, ऑर्थोपेडिक्स किंवा स्त्रीरोगशास्त्रात एमएस करून, त्यानंतर सीनियर रेसिडेंट किंवा लेक्चरर म्हणून काही काळ काढून, मग अमेरिकेत इंटरनल मेडिसिन, फॅमिली मेडिसिन, सायकियाट्री किंवा पॅथॉलॉजीसाठी अर्ज करणारे डॉक्टर आपल्याकडे आता नवीन राहिलेले नाहीत. भारतातील पदव्युत्तर पदवी हातात असली तरी तिकडे रेसिडेन्सी (रुग्णालयात काम करत घ्यायचे पदव्युत्तर प्रशिक्षण) सर्वसाधारणपणे पहिल्या वर्षापासूनच करावी लागते, आणि म्हणून अर्ज भरायला बसल्यावर पहिला प्रश्न पडतो तो हाच, की आधीच्या शाखेत रक्त आटवून जे मिळवले त्याचे आता करायचे काय. काही जण ते जवळजवळ लपवून ठेवतात, तर काही जण शस्त्रक्रियांची यादीच्या यादी अर्जात ओततात. मी स्वतः जनरल सर्जरीतून इंटरनल मेडिसिनकडे वळलो, आणि माझ्या पहिल्या मसुद्यात या दोन्ही चुका एकाच वेळी होत्या: एमएसची तीन वर्षे एका ओळीत आटोपली होती आणि शस्त्रक्रियांचे आकडे मात्र चार ठिकाणी होते. त्यानंतर अनेक ज्युनिअर्सचे अर्ज त्यांच्या शेजारी बसून दुरुस्त करताना माझे मत पक्के झाले आहे. जुने काम झाकायचे नाही आणि मिरवायचेही नाही. ते नव्या शाखेच्या वाचकाला त्याच्या कामाच्या भाषेत, जसे घडले तसे सांगायचे.

पुढचे विवेचन अमेरिकेतील इरास या अर्जपद्धतीला धरून केले आहे. ही पद्धत एएएमसी ही अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांची संस्था चालवते, तर जागावाटप, म्हणजे मॅच, एनआरएमपी ही दुसरी संस्था घडवून आणते. बहुतेक शाखांचे अर्ज इरासमधूनच जातात. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राने मात्र 2025 च्या मॅचपासून रेसिडेन्सीकॅस ही वेगळी पद्धत स्वीकारली आहे, त्यामुळे आपल्या शाखेचा अर्ज कुठे भरायचा हे आधी पाहून घ्यावे. जूनमध्ये अर्ज भरायला खुला होतो, सप्टेंबरमध्ये सादर करता येतो, त्याच महिन्याच्या अखेरीस तो प्रोग्रामांना, म्हणजे रेसिडेन्सी देणाऱ्या रुग्णालयांतील विभागांना, दिसू लागतो आणि मॅचचा निकाल मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात लागतो. खाली सांगितलेल्या कामांपैकी निम्मी कामे जूनच्या आधीच उरकलेली असावीत.

आधी महिन्यांचा हिशेब

अर्जाला हात लावण्यापूर्वी एका कागदावर एमबीबीएसच्या प्रवेशापासून आजपर्यंतचा प्रत्येक महिना मांडावा. इंटर्नशिप, बॉण्डची (शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी) सेवा, नीट-पीजीच्या तयारीचे महिने, एमएसची तीन वर्षे, मध्येच आजारपण किंवा बाळंतपण, यूएसएमएलई या अमेरिकी परवाना परीक्षेच्या अभ्यासाचा काळ आणि ऑब्झर्व्हरशिप (तिथल्या डॉक्टरांसोबत राहून काम पाहणे), यांतले काहीही सुटता कामा नये. शाखा बदलणाऱ्याच्या अर्जाकडे वाचणारा मुळातच थोड्या शंकेने पाहतो. त्यात सात महिन्यांची रिकामी जागा दिसली की ती शंका दुप्पट होते. बॉण्डच्या काळात प्राथमिक आरोग्य केंद्रावर वैद्यकीय अधिकारी म्हणून केलेले काम अनेक जण क्षुल्लक समजून गाळतात. फॅमिली मेडिसिन किंवा इंटरनल मेडिसिनसाठी अर्ज करणाऱ्याने तर ते कधीही गाळू नये, कारण रक्तदाब, मधुमेह, क्षय आणि गरोदर माता यांची दररोजची ओपीडी एकट्याने चालवल्याचा अनुभव नव्या शाखेच्या अगदी जवळचा असतो.

आधीचे पदव्युत्तर प्रशिक्षण अर्जात नोंदवायचेच असते, मग ते पूर्ण झालेले असो वा अर्धवट सोडलेले. एमएसला सहा महिने जाऊन जागा सोडलेल्या डॉक्टरांना हे महिने ‘अभ्यासासाठी सुट्टी’ असे दाखवण्याचा मोह होतो. तो टाळावा. पुढे राज्याच्या मेडिकल बोर्डाकडे परवान्यासाठी अर्ज करताना झालेल्या सर्व प्रशिक्षणाची पडताळणी होते आणि लपवलेली गोष्ट तेव्हा बाहेर येते. शिवाय चुकीची माहिती देणे हा एनआरएमपीच्या नियमांनुसार गंभीर भंग ठरतो. प्रशिक्षण खंडित का झाले याचे कारण दोन-तीन सरळ वाक्यांत लिहावे, कोणावर ठपका ठेवू नये.

‘का?’ याचे उत्तर कागदावर उतरवणे

शाखा का बदलली, याचे उत्तर तीन वाक्यांत लिहून काढावे. पहिल्या वाक्यात आधीच्या कामात काय दिसले ते यावे, दुसऱ्यात त्यानंतर नव्या शाखेची खात्री करून घेण्यासाठी प्रत्यक्षात काय केले ते, आणि तिसऱ्यात आधीच्या कामातले काय सोबत घेऊन येत आहात ते. दुसऱ्या वाक्यासाठी काहीच सापडत नसेल, तर अडचण मांडणीची नसून अर्जाचीच आहे; तेव्हा आधी नव्या शाखेतील ऑब्झर्व्हरशिप, संशोधन किंवा भारतातच मेडिसिन विभागातील काम करून घ्यावे आणि गरज पडल्यास एक वर्ष थांबावे. कोणतीही सुबक शब्दरचना ही उणीव भरून काढू शकत नाही.

‘सर्जरीची जागा मिळणे अवघड म्हणून मेडिसिन’ हे कारण अनेकांच्या बाबतीत अंशतः खरे असते. इंटरनल मेडिसिनमध्ये 2024 च्या मॅचमध्ये 10 हजारांहून अधिक जागा होत्या आणि परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना सर्वाधिक जागा याच शाखेत मिळतात, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण निर्णयामागे तेवढे एकच कारण असेल तर मुलाखतीत पाचव्या मिनिटाला ते उघडे पडते. खोटे कारण रचण्यापेक्षा स्वतःच्या तीन वर्षांत मेडिसिनकडे ओढणारे क्षण खरोखर कोणते होते हे शांतपणे आठवावे. ते बहुतेकांना सापडतात.

जुन्या कामाची चाळणी

आता आजवर केलेल्या सगळ्या गोष्टींची लांबलचक यादी करावी: रेसिडेन्सी, थिसिस, परिषदांतील सादरीकरणे, शिबिरे, मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेतील काम, विद्यार्थ्यांना शिकवणे, पदके. मग चाळणी लावावी. अमेरिकेत रेसिडेन्सीला मान्यता देणाऱ्या एसीजीएमईने शाखा कोणतीही असो, रेसिडेंटमध्ये सहा क्षमता अपेक्षिल्या आहेत: रुग्णसेवा, वैद्यकीय ज्ञान, स्वतःच्या कामातून शिकून सुधारणा करणे, संवाद व परस्परसंबंध, व्यावसायिक वर्तन, आणि आरोग्यव्यवस्थेचे भान ठेवून काम करणे. यादीतील प्रत्येक गोष्टीपुढे यांपैकी कोणती क्षमता तिथे दिसते ते लिहावे. हर्नियाच्या शस्त्रक्रियेचा आकडा मेडिसिनच्या प्रोग्राम डायरेक्टरला फारसे काही सांगत नाही. पण इमर्जन्सीच्या रात्री चार गंभीर रुग्णांमधून आधी कोणाला थिएटरमध्ये घ्यायचे हे ठरवणे, भूलतज्ज्ञाशी आणि रक्तपेढीशी बोलणे, बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना धोका समजावून सांगणे, यांत सहापैकी चार क्षमता सहज दिसतात.

चाळल्यावर काही गोष्टी सरळ नव्या शाखेच्या उपयोगाच्या निघतील, काहींचा अर्थ उलगडून सांगावा लागेल, आणि काही केवळ नोंद म्हणून राहतील. लॅप्रोस्कोपीचे प्रगत प्रशिक्षण या शेवटच्या गटातले आहे. ते मिळवायला कष्ट पडले असतील, खर्च झाला असेल, तरीही ते एका ओळीच्या पलीकडे नेऊ नये. हे मनाला लागते, मला ठाऊक आहे. पण त्या ओळीवर खर्च होणारी जागा दुसऱ्या एखाद्या नोंदीतून कापावी लागते.

दहा नोंदी आणि 750 अक्षरे

इरासमध्ये अनुभवाच्या जास्तीत जास्त दहाच नोंदी करता येतात आणि प्रत्येकीच्या वर्णनाला मोकळ्या जागांसह 750 अक्षरांची मर्यादा असते. शाखा बदललेल्याने एमएसच्या तीन वर्षांना एक नोंद द्यावी, फार तर दोन. थिसिसला संशोधनाच्या सदरात एक. आणि नव्या शाखेतील कामाला, ते कमी महिन्यांचे असले तरी, किमान तीन. महिन्यांच्या प्रमाणात नोंदी वाटल्या तर अर्ज सर्जनचाच दिसतो.

मधुमेही पायाचे उदाहरण घेऊ, कारण महाराष्ट्रातल्या कोणत्याही सरकारी सर्जरी वॉर्डात हे रुग्ण असतातच. बहुतेकांची पहिली नोंद अशी असते: ‘जनरल सर्जरीचा ज्युनिअर रेसिडेंट म्हणून तीन वर्षे काम केले. ओपीडी, वॉर्ड, इमर्जन्सी व थिएटरची जबाबदारी सांभाळली. अपेंडिक्स, हर्निया, हायड्रोसील अशा अनेक शस्त्रक्रिया केल्या व शेकडो शस्त्रक्रियांत साहाय्य केले. ज्युनिअर्सना शिकवले.’ यात खोटे काही नाही, पण हेच वाक्य देशातल्या कोणत्याही सर्जरी रेसिडेंटला लागू पडते.

आता त्याच तीन वर्षांची दुसरी नोंद पाहा: ‘सरकारी महाविद्यालयातील 60 खाटांच्या सर्जरी युनिटमध्ये तीन वर्षे, आठवड्यातून एक इमर्जन्सी दिवस. मधुमेही पायाच्या रुग्णांची शस्त्रक्रियेआधीची व नंतरची साखर, किडनीचे कार्य आणि अँटिबायोटिक यांची देखरेख माझ्याकडे होती. पुन्हा भरती होणाऱ्या अनेकांचे इन्सुलिन घरी गेल्यावर बंद पडल्याचे लक्षात आल्याने मेडिसिन विभागाच्या मदतीने मराठीत सूचनापत्रक तयार केले, आणि डिस्चार्जपूर्वी नातेवाइकाकडून सिरिंज भरून दाखवून घेण्याची पद्धत युनिटमध्ये सुरू केली. दोन इंटर्न व एका कनिष्ठ रेसिडेंटच्या कामावर देखरेख.’ इथे शस्त्रक्रियेचा आकडा नाही आणि तरीही माणूस सर्जरीत होता हे लपलेले नाही. युनिट केवढे होते, स्वतःच्या अंगावर नेमके काय होते, अडचण कुठे दिसली आणि त्यावर काय केले, हे सगळे मेडिसिनच्या वाचकाला ओळखीचे वाटते.

अशी नोंद लिहिताना आकडे खरेच हवेत. पुनर्भरती किती टक्क्यांनी घटली हे मोजले नसेल तर ‘घटली’ असेही लिहू नये. पद्धत सुरू केली, एवढे पुरेसे आहे. ज्या शस्त्रक्रियेत तुम्ही फक्त रिट्रॅक्टर (छेद उघडा ठेवण्याचे साधन) धरला होता तिच्यापुढे ‘केली’ लिहिणे म्हणजे मुलाखतीत एखाद्या जाणत्या माणसासमोर स्वतःला उघडे पाडणे होय. लॉगबुक उघडून ‘स्वतः केल्या’, ‘देखरेखीखाली केल्या’ आणि ‘साहाय्य केले’ असे तीन आकडे एकदाच वेगळे काढून ठेवावेत. मुलाखतीत कोणी विचारले तर ते उपयोगी पडतात.

आपल्याकडचे शब्द तिकडच्या वाचकाला परके असतात, हेही विसरू नये. ‘युनिट’, ‘कॉल डे’, ‘लेक्चरर’, ‘बॉण्ड’ यांचा अर्थ अर्ध्या वाक्यात सांगावा. विद्यापीठाच्या परीक्षेत प्रथम आलात तर किती विद्यार्थ्यांत ते लिहावे. नीट-पीजीचा क्रमांक द्यायचा असेल तर या परीक्षेला साधारण दोन लाख डॉक्टर बसतात, हे सांगितल्याशिवाय त्या क्रमांकाला अर्थ येत नाही.

दहा नोंदींपैकी तीन ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडता येतात आणि त्यांच्यासाठी प्रत्येकी आणखी 300 अक्षरे मिळतात. या तिन्ही नव्या शाखेतल्याच निवडण्याचा सल्ला अनेक जण देतात. मला तो पटत नाही. आयुष्याची तीन वर्षे जिथे गेली तिथले काहीच अर्थपूर्ण वाटत नसेल, तर पुढच्या तीन वर्षांबद्दल वाचणाऱ्याने काय समजावे? एक नोंद जुन्या शाखेतली घ्यावी आणि तिथल्या 300 अक्षरांत वळणाचा क्षण सांगावा: त्या पायाची जखम साफ करायला 20 मिनिटे लागली, पण आजार बारा वर्षांपूर्वी सुरू झाला होता आणि त्या बारा वर्षांत काय व्हायला हवे होते याचा विचार मला थिएटरबाहेरही सोडत नव्हता. दुसरी नोंद नव्या शाखेतली, आणि तिसरी जिथे तुम्ही सर्वांत जास्त काळ टिकून काम केले ती.

अर्जात अडचणींवर मात केल्याबद्दल 750 अक्षरांचा आणखी एक ऐच्छिक रकाना असतो. शाखाबदलाची कहाणी तिथे नेऊ नये. तो रकाना आर्थिक, कौटुंबिक किंवा शैक्षणिक परिस्थितीतील खऱ्या अडथळ्यांसाठी आहे, आणि तसे काही नसेल तर तो रिकामा सोडण्यात काहीच कमीपणा नाही.

थिसिस, पेपर आणि पोस्टर

प्रकाशनांना दहाची मर्यादा नाही, म्हणून जुन्या शाखेतील सगळी प्रकाशने इथे निश्चिंतपणे द्यावीत. नव्या शाखेशी त्यांचा संबंध आहे का याची चिंता करू नये. संशोधनाची पद्धत कळते, हाती घेतलेले काम शेवटपर्यंत जाते, एवढे त्यातून दिसले की पुरे. मात्र प्रकार अचूक निवडावा. विद्यापीठाला सादर केलेला थिसिस हा समीक्षित नियतकालिकातील लेख नव्हे. त्यातून पेपर झाला असेल तरच तो पेपर प्रकाशनांत जातो, एरवी थिसिस संशोधनाच्या अनुभवात राहतो. मॅसिकॉन या सर्जनांच्या राज्य परिषदेतील पोस्टर पोस्टर म्हणूनच नोंदवावे. पाठवलेला, स्वीकारलेला आणि छापून आलेला लेख या तीन वेगळ्या अवस्था आहेत, आणि अर्ज एकदा सादर झाल्यावर या नोंदी बदलता येत नाहीत, म्हणून सादर करण्याच्या दिवशी प्रत्येक लेखाची अवस्था पुन्हा तपासावी. लेखकांच्या यादीत आपले नाव पाचवे असेल तर ते पाचवेच लिहावे.

पर्सनल स्टेटमेंट

एका पानाच्या या निवेदनात जुन्या शाखेला साधारण एक तृतीयांश जागा द्यावी. एका रुग्णापासून सुरुवात करणे चालते, पण तो रुग्ण तुमच्या निर्णयाशी खरोखर जोडलेला असावा. जुन्या शाखेबद्दल एकही कडू वाक्य नको. ‘सर्जरीत विचाराला वाव नव्हता’ असे लिहिणारा उमेदवार तीन वर्षांनी मेडिसिनबद्दलही तसेच लिहील, असे वाचणाऱ्याला वाटते. माफीचा सूरही नको. तुम्ही कोणाचा अपराध केलेला नाही.

इरासमध्ये एकाहून अधिक निवेदने तयार करून वेगवेगळ्या प्रोग्रामांना वेगवेगळी जोडता येतात. दोन शाखांना अर्ज करत असाल तर ही सोय वापरावीच लागेल. पण अनुभवाच्या नोंदी मात्र सर्वांना सारख्याच दिसतात हे ध्यानात ठेवावे. सायकियाट्रीला पाठवलेले निवेदन मनापासूनचे असले तरी नोंदींमधून सगळा कल मेडिसिनकडे दिसत असेल, तर ते निवेदन टिकत नाही.

शिफारसपत्रे

प्रत्येक प्रोग्रामला जास्तीत जास्त चार पत्रे जोडता येतात. माझ्या मते तीन नव्या शाखेतील डॉक्टरांची असावीत, शक्यतो अमेरिकेत तुमचे काम प्रत्यक्ष पाहिलेल्यांची, आणि एक जुन्या विभागातील. हे चौथे पत्र अनेक जण टाळतात, कारण शाखा सोडल्याचा सरांना राग येईल अशी धास्ती असते. पण ज्या विभागात तीन वर्षे दिवसरात्र काढली तिथला एकही माणूस तुमच्याविषयी चांगले बोलायला पुढे येत नाही, असे चित्र त्या पत्राच्या अभावी उभे राहते.

सरांना प्रत्यक्ष भेटून निर्णय सांगावा. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर नव्हे. आपल्याकडे अशा वेळी हमखास येणारे उत्तर म्हणजे, ‘अरे, तूच लिहून आण, मी सही करतो.’ तेव्हा नम्रपणे सांगावे, ‘सर, पत्र तुम्हीच लिहा, मी फक्त आठवणीसाठी टिपण देतो,’ आणि एक पानाचे टिपण पुढे ठेवावे: कोणत्या काळात त्यांच्या युनिटमध्ये होतो, कोणते अवघड रुग्ण एकत्र हाताळले, कोणते काम त्यांनी आपल्यावर सोपवले, नवी शाखा कोणती आणि का. स्वतः लिहिलेले स्वतःचे पत्र अप्रामाणिक तर असतेच, शिवाय ते चारही पत्रांत एकाच शैलीत उतरते आणि ओळखू येते. सरांना एवढीच विनंती करावी की हातातील कौशल्यापेक्षा रुग्णांकडे लक्ष, जबाबदारी आणि चूक झाल्यावर ती कबूल करण्याची वृत्ती यांविषयी त्यांनी पाहिलेले लिहावे. पत्र पाहण्याचा हक्क सोडून द्यावा. उमेदवाराने न पाहिलेल्या पत्राला अधिक वजन असते.

अमेरिकेतच एका शाखेची रेसिडेन्सी सुरू करून नंतर दुसरीकडे जाऊ पाहणाऱ्यांसाठी आधीच्या प्रोग्राम डायरेक्टरचे पत्र जवळजवळ अनिवार्य समजावे. दुसऱ्या प्रोग्राममधून येणाऱ्या रेसिडेंटला घेताना आधीच्या प्रशिक्षणाची पडताळणी आणि क्षमतांनुसार केलेले मूल्यमापन मिळवणे एसीजीएमईच्या नियमांनुसार नव्या प्रोग्रामवर बंधनकारक आहे. शिवाय मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेतून रेसिडेंटच्या प्रशिक्षणासाठी रुग्णालयाला मिळणाऱ्या निधीचा मूळ कालावधी पहिल्या शाखेवरून ठरतो आणि तो संपल्यानंतर थेट खर्चापोटी मिळणाऱ्या रकमेसाठी त्या रेसिडेंटची गणना निम्मीच होते, म्हणून किती वर्षे वापरली गेली हा प्रश्न मुलाखतीत येऊ शकतो. ती वर्षे मोजून ठेवावीत.

मुलाखत

शाखा बदललेल्याला जे प्रश्न विचारले जातात त्यांच्या मुळाशी दोनच शंका असतात: हा माणूस हेही सोडून जाईल का, आणि वयाने लहान असलेल्या सीनियरचे हा ऐकेल का. पहिल्या शंकेला वचन देऊन उत्तर देता येत नाही; एमएस पूर्ण केली, थिसिस वेळेत दिला, बॉण्ड पाळला आणि मगच वळलो, ही वस्तुस्थिती सांगावी. दुसरीसाठी एक प्रसंग तयार असावा, ज्यात तुमच्याहून कनिष्ठ कोणीतरी, एखादी इंटर्न किंवा रात्रपाळीची सिस्टर, तुमचा निर्णय चुकतोय असे म्हणाली, तुम्ही थांबलात आणि तिचे बरोबर निघाले. ‘मला शिकायला आवडते’ या वाक्यापेक्षा असा एक प्रसंग शंभर पटींनी अधिक सांगतो. भारतात आपण निर्णय घेणारे डॉक्टर होतो आणि तिथे इंटर्न असू, हे स्वतःला आधी मनापासून मान्य झालेले असावे, कारण ते नसेल तर चेहऱ्यावर दिसते.

मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात सादर केलेल्या अर्जाची प्रत छापून घ्यावी, प्रत्येक नोंदीवर बोट ठेवून ‘याबद्दल सांगा’ असे घरच्या कोणाला तरी विचारायला लावावे, आणि दोन मिनिटे न अडखळता बोलता येते का ते पाहावे. विचारणारा डॉक्टर नसलेला बरा. आई, भाऊ किंवा पती-पत्नी यांना जी नोंद समजली नाही ती मुलाखत घेणाऱ्यालाही अर्धवटच समजणार आहे, आणि ती तोंडी कशी उलगडून सांगायची हे ठरवायला हातात अजून आठवडाभर असतो.